पेटंटचा अर्ज करताना लोक कुठे चुकतात : पहिल्या गुपितापासून रिन्यूअलपर्यंत, क्रमाने

शोध चांगला, मेहनत खरी, आणि तरी अर्ज बाद. असं झालेलं बघितलं की जीव तुटतो, आणि कारणं शोधली तर दरवेळी तीच तीच निघतात. आधी प्रदर्शनात मांडलं, मग अर्ज केला. प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख पकडायचा तात्पुरता अर्ज, दोन पानांत उरकलं. क्लेममध्ये, म्हणजे हक्काची हद्द ठरवणाऱ्या वाक्यांत, वस्तूचं कौतुक लिहिलं. तपासणी मागायचा फॉर्म १८ भरायचाच राहिला. यातलं काहीही नंतर दुरुस्त होत नाही, किंवा झालंच तर फार महागात पडतं. म्हणून हा सगळा क्रम भारतातल्या नियमांप्रमाणे एकदा नीट लिहून ठेवतोय. सगळीकडे एकच उदाहरण घेतो, म्हणजे समजायला सोपं जाईल: समजा तुम्ही फवारणी पंपासाठी असं नोझल केलंय की ज्याची जाळी कचऱ्याने चोंदली तरी आपोआप साफ होते.

सुरू करण्याआधी हे डोक्यात पक्कं करा

पेटंट मिळालं म्हणजे वस्तू बनवायचं लायसन्स मिळालं असं नाही. पेटंटने तुम्हाला फक्त दुसऱ्याला थांबवायचा हक्क मिळतो, म्हणजे तुमच्या परवानगीशिवाय त्याने ती वस्तू बनवू नये, वापरू नये, विकू नये, विकायला काढू नये, आयात करू नये. तुमचं नोझल दुसऱ्या कोणाच्या चालू पेटंटमध्ये अडकत असेल तर स्वतःचं पेटंट हातात असूनही तुम्हाला ते विकता येणार नाही.

हा हक्क अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा, आणि फक्त भारतापुरता. जगभर चालणारं एकच पेटंट अशी गोष्टच अस्तित्वात नाही, कोणी तसं विकत असेल तर तिथून उठून या. आणि कोणी कॉपी केली तर सरकार स्वतःहून येऊन पकडत नाही, केस तुम्हालाच लावावी लागते.

टप्पा १ : आधी गुप्तता, बाकी सगळं नंतर

अर्जाच्या तारखेआधी तुमचा शोध कुठेही उघड झाला असेल तर तो "नवा" राहत नाही, आणि तो तुम्ही स्वतः उघड केलेला असला तरी फरक पडत नाही. लोकांना हे पटतच नाही. "पण तो माझाच व्हिडिओ होता ना?" हो, तुमचाच होता, आणि एक्झामिनर, म्हणजे पेटंट ऑफिसचा तपासणारा अधिकारी, तोच व्हिडिओ तुमच्या विरोधात लावेल.

उघड करणं यात काय काय येतं बघा. कॉलेजच्या प्रोजेक्ट स्पर्धेत लावलेलं पोस्टर, वेबसाइटवर चढलेला थिसिस, पेपरला दिलेली बातमी, ग्रुपवर टाकलेला डेमो, कृषी प्रदर्शनातला स्टॉल, आणि अर्जाआधी गिऱ्हाइकांना विकलेले चार नग सुद्धा. भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे खरी, पण ती फार अरुंद आहे, सरकारने तशी अधिसूचना काढलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला पेपर अशा ठरावीक गोष्टींनाच ती लागू होते. गावच्या जत्रेत किंवा इन्स्टाग्रामवर दाखवलं तर तिचा काही उपयोग नाही. तिच्या भरवशावर प्लॅन करू नका.

टर्नरला ड्रॉइंग द्यावंच लागतं, गुंतवणूकदाराला समजवावं लागतं, शेतात चाचणी घ्यावी लागते. मग काय करायचं? गुप्ततेचा करार लेखी सही करून घ्या, साध्या भाषेत एक पान असलं तरी चालेल, आणि एकाच माणसाकडे अख्खी जुळणी देऊ नका. पार्ट वेगवेगळ्या ठिकाणी करून घेतले तर एकालाही पूर्ण यंत्रणा कळत नाही.

सोबत वही ठेवा, पानांवर नंबर आणि तारीख घालून. काय करून बघितलं, काय फसलं, आकडे काय आले. अर्ज लिहिताना ही वही सोन्याची ठरते. मात्र एक गैरसमज काढून टाका, वहीतल्या तारखेवरून पेटंट मिळत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे तीच गोष्ट शोधली तर ज्याचा अर्ज आधी, तो पुढे.

> थांबा, तपासा: आजपर्यंत कोणाकोणाला दाखवलं त्याची खरी यादी करा. त्यात एखादं जाहीर ठिकाण निघालं तर ते लपवू नका, पेटंट एजंटला, म्हणजे तुमच्या वतीने अर्ज करणाऱ्या नोंदणीकृत माणसाला, पहिल्याच दिवशी सांगा. उघड झालेला भाग सोडून उरलेल्या सुधारणेवर अर्ज बसतो का, ते मग बघता येतं.

टप्पा २ : नावं आणि मालकी कागदावर

ज्याने शोधात डोकं घातलं तो इन्व्हेंटर. पैसे दिले, जागा दिली, मशीन वापरू दिलं किंवा विभागप्रमुख आहे म्हणून कोणी इन्व्हेंटर होत नाही. कॉलेजांमध्ये प्रमोशनच्या पॉइंटसाठी आठ-दहा नावं घुसवायची पद्धत पडलीय, ती घातक आहे. ती नावं मालक म्हणूनही लागली असतील तर उद्या खरंच लायसन्स द्यायची वेळ आली की त्या प्रत्येकाची सही लागते.

कारण कलम ५० असं आहे की, वेगळा करार नसेल तर सगळ्या मालकांचा हिस्सा सारखा. प्रत्येकजण बाकीच्यांना हिशोब न देता स्वतः ते पेटंट वापरू शकतो, पण लायसन्स द्यायचं किंवा आपला हिस्सा विकायचा तर बाकीच्यांची संमती हवी. म्हणजे एक भिडू रुसला की सगळं अडकलं. मैत्री आहे तेव्हाच कागद करा, भांडण झाल्यावर कोणी सही करत नाही.

नोकरीत असाल तर अपॉइंटमेंट लेटर बाहेर काढून वाचा, विद्यार्थी असाल तर कॉलेजची आयपी पॉलिसी, म्हणजे शोधांच्या मालकीचे नियम, वाचा. कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावाने अर्ज जाणार असेल तर इन्व्हेंटरकडून लेखी असाइनमेंट, म्हणजे हक्क नावावर करून दिल्याचा कागद, लागतं, तोंडी हक्क चालत नाही.

टप्पा ३ : हे पेटंटच्या चौकटीत बसतं का

तीन अटी: नवं पाहिजे, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचेल असं नको, आणि उद्योगात वापरता आलं पाहिजे. त्याच्यावर भारतात कलम ३ ची चाळणी, आणि इथे खूप अर्ज अडतात.

नुसतं कॉम्प्युटर प्रोग्राम, अल्गोरिदम, गणिती पद्धत किंवा धंद्याची पद्धत चालत नाही. शेती करण्याची पद्धत चालत नाही, पण शेतीचं यंत्र चालतं, म्हणजे आपलं नोझल चालेल, "अमुक दिवसांनी अमुक फवारा" हे वेळापत्रक नाही चालणार. माणसावर किंवा जनावरावर करायची उपचारपद्धत नाही. दोन पदार्थ नुसते मिसळले आणि गुणांची बेरीजच झाली तर नाही, मिसळल्यामुळे काही वेगळा जास्तीचा परिणाम येतो हे आकड्यांनी दाखवावं लागतं. माहितीतल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी जोडल्या आणि प्रत्येक आपलं जुनंच काम करत राहिली तरी नाही. पारंपरिक ज्ञान तर नाहीच, आजीचा काढा कॅप्सूलमध्ये भरला म्हणून तो शोध होत नाही.

ॲप किंवा सॉफ्टवेअरवाल्यांनी इथे घाबरून सोडून देऊ नये. प्रोग्राममुळे प्रत्यक्ष यंत्रणेत काही तांत्रिक सुधारणा होते का, मेमरी कमी लागते, सेन्सरची चूक कमी होते, असं काही, ते शोधा आणि लिखाण त्याच्याभोवती बांधा. नुसतं "ॲपवरून बुकिंग होतं" यात काही नाही.

वनस्पती, सूक्ष्मजीव वगैरे भारतातली जैविक सामग्री वापरली असेल तर नॅशनल बायोडायव्हर्सिटी ऑथॉरिटीची वेगळी प्रक्रिया लागते. ती शेवटाला आठवली की ग्रँट, म्हणजे पेटंटची मंजुरी, लटकतो.

टप्पा ४ : सर्च, आणि तो खरा सर्च

"गुगल केलं, कुठे दिसलं नाही" याला सर्च म्हणत नाहीत. बाजारात न आलेल्या लाखो गोष्टी पेटंटच्या कागदात पडून आहेत, आणि एक्झामिनर तिथेच बघतो. साधनं सगळी फुकट आहेत: भारतीय पेटंट ऑफिसचं इनपास, युरोपचं एस्पासनेट, वायपोचं (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं) पेटंटस्कोप, आणि गुगल पेटंट्स.

कसं करायचं ते सांगतो. वस्तूच्या नावाने सुरुवात करू नका, कामाने करा. आपल्या नोझलला कोणी "सेल्फ क्लीनिंग" म्हणेल, कोणी "ॲन्टी क्लॉग", कोणी फिल्टरचं पेटंट घेतलं असेल आणि त्यात नोझल हा शब्दच नसेल. समानार्थी इंग्रजी शब्दांची यादी करा, मग सर्च. थोडं जवळचं काही सापडलं की त्याच्यावरचा वर्गीकरणाचा कोड उचला, फवारणीच्या साधनांचा वर्ग बी०५बी आहे, आणि आता शब्द सोडून त्या कोडमध्ये शोधा. त्यानंतर सापडलेल्या प्रत्येक जवळच्या पेटंटने कोणाचा संदर्भ दिलाय आणि त्याचा संदर्भ पुढे कोणी दिलाय, या दोन्ही दिशांनी जा. शब्दांनी जे सापडत नाही ते या मागे-पुढे जाण्यात सापडतं.

मग तक्ता करा. डावीकडे तुमच्या शोधाचे घटक एकेक ओळीत: बॉडी, जाळी, जाळीवर सरकणारं पातं, त्याला ढकलणारी स्प्रिंग, दाब कमी झाल्यावर होणारी हालचाल. वरती सापडलेली पेटंटं. कुठे काय आहे त्याला टिक. ज्या ओळीत कुठेच टिक नाही तिथे तुमचा शोध आहे. सगळ्या ओळींत टिक आहेत पण वेगवेगळ्या कागदांत, तर विचार करा की हे सगळं एकत्र करायचं त्या क्षेत्रातल्या माणसाला सहज सुचलं असतं का. सुचलं असतं असं वाटत असेल तर अर्ज कमजोर आहे, आत्ताच मान्य केलेलं बरं.

- संपलेलं, बाद झालेलं, परदेशातलं पेटंटही नवेपणा मारतं. "ते तर २० वर्षांपूर्वीच संपलं" हा बचाव नाही.
- पेटंटच्या बाहेरचंही बघा: जर्नल, जुने कॅटलॉग, व्हिडिओ, परदेशी विक्रीच्या साइट.
- साधारण गेल्या १८ महिन्यांतले अर्ज अजून प्रसिद्ध झालेले नसतात, ते कोणालाच दिसत नाहीत. म्हणजे स्वच्छ सर्च ही हमी नाही.

आणि "मला पेटंट मिळेल का" हा एक सर्च, "मला विकता येईल का" हा दुसरा. दुसऱ्यात फक्त भारतात चालू असलेल्या पेटंटचे क्लेम वाचायचे असतात. उत्पादनात पैसे घालण्याआधी तो करा, मोल्डचे पैसे दिल्यावर नको.

टप्पा ५ : प्रोव्हिजनल की थेट कम्प्लीट

शोध तयार असेल, चाचण्या झाल्या असतील तर थेट कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे क्लेमसकट शोधाचं पूर्ण लेखी वर्णन, द्या. अजून काम चालू आहे पण तारीख पकडायचीय तर प्रोव्हिजनल. प्रोव्हिजनलला क्लेम लागत नाहीत, पण त्या दिवसापासून १२ महिन्यांत कम्प्लीट द्यावंच लागतं. नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. तोपर्यंत गुपित राहिलेलं असेल तर नवा अर्ज करता येतो, पण जुनी तारीख गेली ती गेली.

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं: दोन पानांचं प्रोव्हिजनल. लोकांना वाटतं आता नाव लागलं, पुढे भरू. तसं नसतं. जुनी तारीख फक्त तेवढ्यालाच मिळते जे त्या दोन पानांत लिहिलंय. "आपोआप साफ होणारं नोझल" एवढंच लिहिलं, स्प्रिंग-पात्याचा उल्लेख नाही, मग दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात मांडलं, आणि वर्षाने कम्प्लीटमध्ये स्प्रिंग-पातं लिहिलं, तर त्या पात्याला तारीख मिळणार कम्प्लीटची, आणि मधलं प्रदर्शन तुमच्याच विरोधात जाणार. म्हणून प्रोव्हिजनल असं लिहा की जणू तेच शेवटचं आहे. सगळी चित्रं, सगळे पर्याय, असतील तेवढे आकडे.

> सावधान: अर्ज झाल्यावर "पेटंट पेंडिंग" लिहू शकता. "पेटंटेड" मात्र ग्रँट होईपर्यंत लिहू नका, खोटं लिहिण्याला कायद्यात दंड आहे.

टप्पा ६ : स्पेसिफिकेशन आणि क्लेम

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावा लागतो, मराठीत चालत नाही, पण माझा आग्रह आहे की पहिला मसुदा मराठीतच लिहा. ज्या भाषेत तुम्ही विचार केलाय त्यात बारकावे सुटत नाहीत, मग एजंट इंग्रजी करेल आणि तुम्ही दोन्ही ताडून बघा.

स्पेसिफिकेशनमध्ये क्रम असा ठेवा: क्षेत्र, आधी काय होतं आणि त्यात नेमकी अडचण काय, तुमचा उपाय थोडक्यात, चित्रांची यादी, मग चित्रातल्या नंबरांसकट सविस्तर वर्णन, शेवटी क्लेम आणि १५० शब्दांपर्यंतचा गोषवारा. त्या क्षेत्रातला माणूस नुसतं वाचून वस्तू बनवू शकला पाहिजे, आणि तुम्हाला माहीत असलेली सगळ्यात चांगली पद्धत त्यात हवी. "थोडं गुपित मागे ठेवतो" असा मोह होतो, पण पेटंट हा सौदाच असा आहे की पूर्ण सांगा आणि मुदतीचा हक्क घ्या. अपुरं सांगितलं या कारणावर मिळालेलं पेटंटही रद्द होऊ शकतं. ज्या गोष्टी वस्तू उघडूनही कोणाला कळणार नाहीत, उदाहरणार्थ एखादी भट्टीतली प्रक्रिया, तिथे पेटंट न घेता गुपितच ठेवावं का हा विचार अर्जाआधीच करा.

आता क्लेम. क्लेम म्हणजे सातबाऱ्यावरची हद्द समजा, वर्णनात कितीही लिहा, तुमचं तेवढंच जेवढं क्लेममध्ये आलं. बहुतेकांचा पहिला क्लेम असा असतो: "कमी खर्चात उत्तम फवारणी करणारं, शेतकऱ्यांचा वेळ वाचवणारं, न चोंदणारं नोझल." यात अडचण आणि फायदा आहे, उपाय कुठेच नाही. हा टिकत नाही.

नीट क्लेम साधारण असा: एक फवारणी नोझल, ज्यात आत येण्याचं तोंड आणि बाहेर जाण्याचं छिद्र असलेली बॉडी आहे, बॉडीच्या आत जाळी आहे, जाळीला टेकलेलं, सरकू शकणारं पातं आहे, आणि पात्याला जोडलेला एक लवचीक घटक आहे, जो आतला दाब ठरावीक पातळीखाली गेला की पात्याला जाळीवरून सरकवून अडकलेला कचरा मोकळा करतो.

"लवचीक घटक" असं का लिहिलं बघा. पहिल्या क्लेममध्ये "स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग" लिहिलं असतं तर समोरच्याने रबराचा तुकडा घातला की तो तुमच्या हद्दीबाहेर, कारण साधारण नियम असा की क्लेममधला प्रत्येक घटक समोरच्याच्या वस्तूत असेल तरच उल्लंघन. म्हणून पहिल्या क्लेममध्ये कमीत कमी आणि अत्यावश्यक घटक, एकही जास्तीचा नाही. मग खाली अवलंबून असलेले क्लेम: क्लेम १ प्रमाणे, जिथे लवचीक घटक कॉइल स्प्रिंग आहे, क्लेम १ प्रमाणे, जिथे पात्याला ब्रश आहे. वरचा क्लेम जुन्या पेटंटमुळे पडला तर खालचा अरुंद क्लेम हातात राहतो. नुसता एकच रुंद क्लेम लिहून बसलात आणि तो पडला तर उरलं काय?

आणि रबराचा पर्याय, ब्रशचा पर्याय, हे वर्णनातही आधीपासून पाहिजेत. कारण अर्ज केल्यावर नवीन मजकूर घालता येत नाही. दुरुस्ती होते ती स्पष्ट करण्यापुरती किंवा हद्द कमी करण्यापुरती, वाढवायला नाही. नंतर खरंच सुधारणा सुचली तर त्यासाठी वेगळा अर्ज, किंवा मूळ शोधावरचीच सुधारणा असेल तर पेटंट ऑफ ॲडिशन, ज्याला मूळ पेटंट चालू आहे तोपर्यंत वेगळी रिन्यूअल फी लागत नाही.

> थांबा, तपासा: तुमचाच स्पर्धक आहात असं समजून क्लेम १ वाचा. कुठला एक घटक काढून किंवा बदलून सुटता येईल? सुटता आलं तर पुन्हा लिहा. मग टप्पा ४ चा तक्ता शेजारी ठेवा. क्लेम १ मधलं सगळंच एखाद्या जुन्या पेटंटमध्ये आहे का? असेल तर जास्त रुंद झालाय.

टप्पा ७ : फायलिंग

महाराष्ट्रात राहणाऱ्यांचं ऑफिस मुंबई, बाकी दिल्ली, चेन्नई आणि कोलकाता. अर्ज ऑनलाइन करता येतो. फॉर्म १ अर्जाचा, फॉर्म २ स्पेसिफिकेशनचा, फॉर्म ३ परदेशी अर्जांच्या माहितीचा, फॉर्म ५ इन्व्हेंटर कोण त्याचा. एजंट असेल तर फॉर्म २६, आणि स्टार्टअप, छोटा उद्योग किंवा शिक्षणसंस्था म्हणून सवलत घ्यायची तर पुराव्यासकट फॉर्म २८.

ऑनलाइन सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप, छोटे उद्योग आणि शिक्षणसंस्थांना १,६०० रुपये, बाकीच्यांना ८,०००. यात ३० पानं आणि १० क्लेम येतात, त्यापुढे सवलतीच्या दरात प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक क्लेमला ३२०. प्रोव्हिजनलनंतर कम्प्लीट देताना मूळ फी परत लागत नाही. एजंटची फी वेगळी आणि खरा मोठा खर्च तोच, म्हणून भाव विचारताना फक्त फायलिंगचा विचारू नका, एक्झामिनेशन रिपोर्टचं उत्तर आणि हिअरिंग धरून विचारा. एजंट नोंदणीकृत आहे का ते पेटंट ऑफिसच्या यादीत बघा. "पेटंट नक्की मिळवून देतो" असं जो म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका, तशी हमी कोणीच देऊ शकत नाही.

दुसरी फसवणूक डिझाइनची. डिझाइन रजिस्ट्रेशन लवकर होतं, सर्टिफिकेट झकास दिसतं, आणि "पेटंट झालं" म्हणून सांगितलं जातं. डिझाइन फक्त दिसण्याचं, आकाराचं संरक्षण करतं. आपलं नोझल बाहेरून वेगळ्या आकाराचं केलं की आतली यंत्रणा कोणीही उचलेल.

टप्पा ८ : परदेशात जायचं असेल तर घड्याळ आत्ताच सुरू

पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांच्या आत दुसऱ्या देशांत किंवा पीसीटी या आंतरराष्ट्रीय करारामार्फत अर्ज केला तर पहिली तारीख टिकते. पीसीटी म्हणजे जागतिक पेटंट नाही, तो निर्णय पुढे ढकलायचा रस्ता आहे. शेवटी एकेका देशात स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र फी, स्वतंत्र भाषांतर करावंच लागतं, त्यामुळे जिथे खरंच विक्री किंवा उत्पादन होणार तेवढेच देश निवडा.

भारतात राहणाऱ्यांसाठी कलम ३९ फार महत्त्वाचं: थेट परदेशात अर्ज करायचा नाही. एकतर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा, नाहीतर फॉर्म २५ भरून परवानगी घ्या. हे मोडलं तर भारतातला अर्ज जातो आणि शिक्षाही आहे. परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम करणारे रिसर्चर हमखास इथे अडकतात.

टप्पा ९ : अर्ज केल्यानंतरची वाट, जी झोपून काढायची नाही

१८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, घाई असेल तर फॉर्म ९ भरून आधीच. प्रसिद्ध झाला म्हणजे फक्त लोकांना दिसायला लागला, कोणी तपासलेला नाही. "आमचं पेटंट पब्लिश झालं" म्हणून पेढे वाटतात, बायोडेटात टाकतात, त्यांना कोणीतरी हे सांगायला हवं.

तपासणी आपोआप होत नाही. फॉर्म १८ भरून मागावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना मुदत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिने, आधीच्या अर्जांना ४८. सवलतीची ऑनलाइन फी ४,००० रुपये. नाही भरला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. अर्जासोबतच भरून टाका, लक्षात ठेवायची कटकटच नको. अर्जदारांत एखादी महिला असेल, किंवा स्टार्टअप, छोटा उद्योग असेल तर फॉर्म १८ए ने जलद तपासणी मागता येते, फी ८,०००.

मग एफईआर येतो, म्हणजे पहिला एक्झामिनेशन रिपोर्ट. त्यात "नवेपणा नाही, सहज सुचण्यासारखं आहे, कलम ३ मध्ये येतं, क्लेम स्पष्ट नाहीत" असं सगळं एकदम लिहिलेलं असतं आणि नवा माणूस खचतो. खचू नका, आक्षेपांशिवाय आलेला रिपोर्ट विरळाच. उत्तराला सहा महिने आहेत, मुदतवाढ पैसे भरून मिळते पण तीही मर्यादित. उत्तर असं लिहा: प्रत्येक आक्षेप वेगळा घ्या, दिलेलं जुनं पेटंट स्वतः पूर्ण वाचा, त्यात तुमचा कुठला घटक नाही ते पान-ओळ दाखवून सांगा, त्या घटकामुळे तांत्रिक फरक काय पडतो ते सांगा, आणि लागलं तर क्लेम अरुंद करा. "आमचा शोध शेतकऱ्यांना फार उपयुक्त आहे" हे उत्तर नाही. आणि गरजेपेक्षा जास्त अरुंदही करू नका, घाबरून सगळे तपशील क्लेम १ मध्ये कोंबले की ग्रँट मिळतो पण त्याला चुकवणं कोणालाही जमतं.

रिपोर्टच्या तारखेपासून तीन महिन्यांत परदेशी अर्जांची माहिती फॉर्म ३ ने पुन्हा द्यायची असते, सहा महिन्यांच्या उत्तराच्या नादात ही तारीख निसटते. हिअरिंग लागली तर व्हिडिओ कॉलवर होते, तिथे बोललेलं १५ दिवसांत लेखी द्यायचं. प्रसिद्धीनंतर ग्रँटपर्यंत कोणीही विरोध नोंदवू शकतं, आणि ग्रँट प्रसिद्ध झाल्यावरही एक वर्ष संबंधितांना विरोध करता येतो.

> तपासा: पत्रव्यवहार ईमेलने येतो. कॉलेजचा किंवा जुन्या नोकरीचा ईमेल दिला असेल तर तो आजच बदला. आणि एजंटवर न विसंबता दर महिन्याला अर्जाचं स्टेटस स्वतः साइटवर बघा.

टप्पा १० : ग्रँटनंतर

रिन्यूअल तिसऱ्या वर्षापासून लागते. ग्रँट उशिरा मिळाला तर मधल्या वर्षांची साठलेली फी रजिस्टरमध्ये पेटंटची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरायची, आणि नेमकं ग्रँटच्या आनंदात हेच राहून जातं. सवलतीच्या दरात तिसऱ्या ते सहाव्या वर्षाला ८०० रुपये, सातव्या ते दहाव्याला २,४००, अकराव्या ते पंधराव्याला ४,८००, पुढे विसाव्यापर्यंत ८,०००, हे सगळं दरवर्षी. फी चुकून पेटंट बंद पडलं तर १८ महिन्यांच्या आत पुन्हा चालू करायचा अर्ज करता येतो, पण कारण पटवावं लागतं. ज्याचा काही उपयोग उरला नाही ते पेटंट मुद्दाम सोडून देण्यातही काही गैर नाही.

फॉर्म २७ मध्ये शोध भारतात वापरात आहे का ते कळवायचं, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा, तो काळ संपल्यावर सहा महिन्यांत.

कोणी कॉपी केली तर लगेच धमकीची नोटीस पाठवू नका. आधी त्याची वस्तू विकत घ्या, पावती जपा, उघडून क्लेम १ च्या एकेका घटकाशी जुळवा, फोटो काढा. एक जरी घटक जुळत नसेल तर वकिलाला तेच आधी सांगा. केस जिल्हा न्यायालयात किंवा वर लावता येते, आणि समोरच्याने "यांचं पेटंटच रद्द करा" असा उलट दावा केला की प्रकरण हायकोर्टात जातं, तो तसा दावा करणार हे धरूनच चाला. एकट्या शोधकाला हा खर्च झेपणं अवघड आहे, म्हणून बऱ्याचदा लायसन्स देऊन थोडी रॉयल्टी घेणं शहाणपणाचं ठरतं.

लायसन्स देताना कुठले क्लेम, कुठला प्रदेश, किती काळ, एकट्यालाच की अनेकांना, आणि रिन्यूअल कोण भरणार हे सगळं लेखी असू द्या. रॉयल्टी टक्क्यांत असेल तर कशाच्या टक्क्यांत, कारखान्यातून निघतानाच्या किमतीच्या की दुकानातल्या, हेही लिहा. हिशोब बघायचा हक्क मागून घ्या. आणि करार नुसता कपाटात ठेवू नका, फॉर्म १६ ने पेटंट ऑफिसच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद करा.